मदत हवी आहे : केमोच्या काळात आईचं मन सावरायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरचे. आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर. परळच्या टाटामध्ये उपचार चालू आहेत, ४ केमो झाल्या. शरीर साथ देतंय, मन नाही. केमोच्या दोन दिवस आधीपासून छातीत धडधड, रात्रभर जाग, आणि हल्ली तर ओटीवरही येऊन बसत नाही. "कुणी विचारलं तर काय सांगू?" म्हणते. (विचारणारेही थोर असतात, ते सोडा.)

करून पाहिलेलं सांगते. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, याने सुई टोचताना फरक पडला. पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा, त्याने झोप जरा लवकर लागते. काळजी कागदावर उतरव म्हटलं, तर वहीत आमसुलांचा हिशोब लिहून बसली!

अडलंय ते उदासीत. मन लागो न लागो, रोज एक छोटं काम ठरवून करायचं असं वाचलंय. पण केमोच्या थकव्यात आग्रह किती करायचा? तुमच्या घरी कुणी हे केलंय का? टेली-मानसच्या (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मराठीत बोलण्याचा कुणाला अनुभव? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण पुढच्या खेपेला अजून १२ दिवस आहेत.