ब्रोझोविचने इंटर सोडलं, तिथेच त्याची कारकीर्द संपली का?

मधलीफळी:
मार्सेलो ब्रोझोविच. जन्म १९९२, झाग्रेब. जानेवारी २०१५ मध्ये दिनामो झाग्रेबकडून इंटर मिलानला आला. साडेआठ वर्षं, ३०० च्या वर सामने, २०२०-२१ चं सेरी आ (इटलीची मुख्य लीग) विजेतेपद, दोन कोपा इटालिया (इटलीचा चषक). १० जून २०२३ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल सुरुवातीपासून खेळला आणि जुलै उजाडताच सौदीच्या अल नस्रचा झाला. वय फक्त ३०.

माझं म्हणणं सरळ आहे. त्याची जागा बचावफळीच्या पुढची, जिला इटलीत रेजिस्टा म्हणतात. या जागेवर पाय थकले तरी चालतं, डोकं चालायला हवं. ३० ते ३४ हीच तिथली सुगी. नेमकी तेव्हाच त्याने युरोप सोडला. पैसे मिळाले असतील, पण खेळाडू म्हणून तो तिथेच थांबला.

हिशेबनीस:
'पैसे मिळाले असतील' असं उडवून लावू नका, आकडे मांडू.

इटलीत पगार सांगतात तो कर कापून हातात येणारा. २०२२ च्या वसंतात इंटरने त्याचा करार २०२६ पर्यंत वाढवला, तेव्हा बातम्यांत आकडा होता वर्षाला सुमारे ६० लाख युरो. वरच्या टप्प्याचा आयकर ४३ टक्के, त्यावर प्रांताचा आणि पालिकेचा. म्हणजे क्लबच्या खिशातून जवळपास १ कोटी १० लाख. असे तीन हंगाम बाकी होते.

अल नस्रने दिले १ कोटी ८० लाख युरो. आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या खेळाडूची खरेदी किंमत वहीतून जवळजवळ पुसली गेलेली असते, त्यामुळे आलेली रक्कम बहुतेक सगळी नफ्यात. शिवाय तीन वर्षांचा पगार वाचला. कर्जाच्या व्याजाखाली दबलेल्या क्लबने हे नाकारायला हवं होतं? सौदीत पगारावर आयकर नाही, म्हणजे खेळाडूच्या बाजूनेही हिशेब उघड आहे. बार्सिलोनाचं नाव तेव्हा चर्चेत होतं, पण ला लीगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, पगारमर्यादेत त्यांना स्वतःचेच खेळाडू नोंदवताना घाम फुटत होता.

आणि इंटरचं नुकसान? पुढच्याच हंगामात ९४ गुण, विसावं विजेतेपद, तेही डर्बीत, म्हणजे त्याच शहरातल्या एसी मिलानला २-१ हरवून. रेजिस्टा होता इंटरचाच तुर्की खेळाडू चाल्हानोग्लू.

तिरकापास:
९४ गुण फेकून वाद संपत नाही. इंटरचा प्रशिक्षक म्हणून इन्झागीचा पहिला हंगाम बघा, २०२१-२२. ब्रोझोविच नसलेले तीन लीग सामने: २० फेब्रुवारीला घरच्या मैदानावर सासुओलोकडून ०-२, मार्चमध्ये तोरिनोशी १-१ (तोही सांचेझच्या जादा वेळेतल्या गोलमुळे), मग फिओरेंतिनाशी १-१. तीन सामन्यांत दोन गुण. मिलानने ती लीग ८६ विरुद्ध ८४ ने जिंकली. दोनच गुणांचा फरक. यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठे मिळणार?

असं का झालं तेही बघा. ३-५-२ मध्ये (तीन बचावपटू, पाच मधले, दोन पुढचे) इंटर चेंडू मागून काढायचा तेव्हा दोन बाजूचे सेंटर बॅक, श्क्रिनियार आणि बास्तोनी, रुंद व्हायचे. ब्रोझोविच डे व्रायच्या पुढे किंवा शेजारी येऊन चेंडू मागायचा. चेंडू पायाशी पोचायच्या आत तो दोनदा खांद्यावरून मागे बघून घ्यायचा, म्हणून पहिल्याच स्पर्शात अंग पुढे वळलेलं असायचं. मागे प्रेस करणारा, म्हणजे चेंडू हिसकायला अंगावर येणारा, असेल तर एका स्पर्शात परत आणि लगेच पाच-सात पावलं बाजूला, की पुन्हा मोकळा. ही 'पुन्हा मोकळा' वाली चाल प्रशिक्षणाच्या फळ्यावर काढता येत नाही.

सासुओलोविरुद्ध तिथे मधल्या फळीतला बरेला उभा केला. बरेलाचा स्वभाव चेंडू घेऊन पळायचा. तो पुढे गेला की बचावफळीपुढे मैदान उघडं, आणि सासुओलोने २६ मिनिटांत दोन गोल केले. तोरिनोविरुद्ध वेसीनो. मेहनती माणूस, पण चेंडू घेऊन वळायला त्याला एक स्पर्श जास्त लागतो. तेवढ्यात समोरची फळी जागेवर येते.

हिशेबनीस:
तुमचाच पुरावा उलटा वाचा. एक माणूस नसताना तीन सामने कोसळत असतील तर तो संघबांधणीचा दोष आहे. क्लबने धडा घेतलाही. सप्टेंबर २०२२ मध्ये क्रोएशियाकडून खेळताना ब्रोझोविचच्या मांडीचा स्नायू दुखावला, इन्झागीने चाल्हानोग्लूला मागे आणलं आणि ४ ऑक्टोबरला बार्सिलोनाविरुद्धचा १-० चा गोल त्यानेच मारला. तेव्हाच कळलं की जागा भरता येते. चाल्हानोग्लू लांबचे पास जास्त मारतो आणि पेनल्टीही घेतो. आठ महिन्यांनी इस्तंबूलमध्ये दोघे एकत्र खेळले, पण पगारपत्रकावर दोन रेजिस्टा ठेवणं परवडणारं नव्हतं.

सोळाकिमी:
दोघेही इटलीतच अडकलात. क्रोएशियाचं बोला.

२०१८ विश्वचषक. नायजेरियाविरुद्ध मॉड्रिच-राकितिच मागे, क्रामारिच पुढे. जिंकले २-०, पण मॉड्रिच गोलपासून फार लांब होता. अर्जेंटिनाविरुद्ध प्रशिक्षक दालिचने क्रामारिचला बसवलं, ब्रोझोविचला घेतलं. मॉड्रिच मोकळा होऊन वर गेला, मेस्सीला चेंडू मिळायच्या वाटा बंद झाल्या, निकाल ३-०. त्या एका बदलावर क्रोएशियाची पुढची सहा वर्षं उभी राहिली.

मग उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध ब्रोझोविच १६.३ किमी पळाला. २०२२ मध्ये जपानविरुद्ध १६.७ किमी, विश्वचषकातला विक्रम. तीस वर्षांच्या माणसाने!

तिरकापास:
किलोमीटर हा फसवा आकडा आहे, जपून वापरा. दोन्ही सामने १२० मिनिटांचे. १६.७ ला ९० मिनिटांवर आणलं तर साडेबाराच्या आसपास. तेही खूपच, मधल्या फळीत ११ झाले तरी लोक खूश असतात. पण त्यात धावा किती आणि सतत जागा बदलत हळू पळणं किती? ब्रोझोविचचं बहुतेक दुसऱ्या प्रकारचं. तो वेगवान कधीच नव्हता. तो कुठेही फार लांब नसायचा, एवढंच.

सोळाकिमी:
अहो, मग तेच तर कौशल्य! जपानविरुद्धच्या शूटआउटमध्ये तेवढं पळून झाल्यावर त्याने पेनल्टीही मारली.

ऑफसाइडराव:
त्याचं मगरीसारखं आडवं पडणं विसरू नका. ऑक्टोबर २०१८, बार्सिलोनाचं कँप नोउ मैदान. सुआरेझची फ्री किक, भिंत उडी मारणार हे ओळखून हा भिंतीमागे जमिनीवर आडवा पडला आणि खालून आलेला चेंडू अडवला. आता गल्लीतल्या स्पर्धेतही भिंतीमागे एक जण झोपतो. हरले होते म्हणा, ०-२.

मधलीफळी:
मूळ प्रश्नाकडे येतो. हिशेबनीस, तुमचा हिशेब क्लबसाठी आणि बँकखात्यासाठी बरोबर आहे, मान्य. मी विचारतोय खेळाचं.

रेजिस्टाची किंमत त्याच्या आजूबाजूच्या बांधणीवर ठरते. बचावफळीपासून आघाडीच्या जोडीपर्यंतचं अंतर ३०-३५ मीटरांत असेल तर त्याच्या छोट्या पासला अर्थ. इंटरमध्ये लाउतारो मागे येऊन चेंडू घ्यायचा, दोन्ही विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारे) एकाच वेळी वर जायचे. अल नस्रमध्ये पुढे रोनाल्डो आणि माने. चेंडू गेला की पुढचे तीन-चार जण परत येत नाहीत, संघ मधोमध फाटतो आणि ब्रोझोविचला पास देण्याऐवजी भोकं बुजवावी लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रात्रीच्या सामन्यांतही उकाडा इतका, की मध्येच पाणी प्यायला खेळ थांबवतात. अशा हवेत उंच प्रेस टिकत नाही. आणि प्रेसच नसेल तर तो मोडून काढणाऱ्या माणसाचा उपयोग काय?

प्रशिक्षकही मोजा: लुइस कास्त्रो, पिओली, जॉर्ज जेझूस. सव्वादोन वर्षांत तीन. २०२३-२४ मध्ये ८२ गुण करूनही अल हिलालच्या मागे, कारण त्यांचे ९६. पुढच्या वर्षी तिसरा क्रमांक.

फातोर्डागेट:
सौदी लीगला इतकं हलकं लेखू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अल नस्र फातोर्ड्याला आला तेव्हा रोनाल्डो आलाच नव्हता, सगळी चर्चा त्याचीच. तरी एफसी गोवा २-१ ने हरला. ब्रायसनचा गोल झाला तेव्हा स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं, पण चेंडू बहुतेक वेळ कोणाकडे होता हे बघणाऱ्यांना माहीत आहे. परतीच्या सामन्यात रियाधला ४-०.

तिरकापास:
गोव्याशी तुलना करून सौदी लीगची उंची कशी कळणार? अल हिलालने क्लब विश्वचषकात मँचेस्टर सिटीला ४-३ हरवलं, ते सांगितलं असतं तर मुद्दा होता. पण तो अल हिलाल. अल नस्र २०२५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत कावासाकीकडून २-३ हरला.

सोळाकिमी:
बरं, सौदीला गेल्याने खेळ उतरला म्हणणाऱ्यांनी युरो २०२४ दाखवावा. स्पेनकडून ०-३, अल्बानियाशी २-२, इटलीशी १-१. ब्रोझोविच तिन्हीत सुरुवातीपासून. वाईट खेळला?

मधलीफळी:
वाईट नाही, उशिरा. स्पेनविरुद्ध पहिल्या अर्ध्या तासात पेद्री आणि फाबियान त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. २०२१-२२ चा ब्रोझोविच अशा वेळी एकाला पाठीवर घेऊन दुसऱ्याची वाट अडवायचा. त्या संध्याकाळी दर वेळी अर्धं पाऊल मागे. असा अर्धा सेकंद वयाने हळूहळू जातो, पण हंगामभर कुणी घाईच करायला लावली नाही तर फार लवकर जातो.

हिशेबनीस:
आणि त्याच सामन्यात ३८ वर्षांचा मॉड्रिच, रेआल माद्रिदमध्ये आठवड्याला दोनदा घाई करणारा, तोही अर्धं पाऊल मागेच होता. मग दोष रियाधचा कसा? मॉड्रिच-ब्रोझोविच-कोवाचिच ही तिकडीच एकत्र म्हातारी झाली. तिघांपैकी एकही मागच्या मोकळ्या जागेत धावणारा नाही. समोरच्याने चेंडू स्वतःकडे ठेवला की त्यांच्याजवळ उत्तर उरत नव्हतं. ही दालिचच्या निवडीची अडचण.

मधलीफळी:
कोवाचिचला त्यात ओढू नका. युरोनंतर दोन-तीन महिन्यांत मँचेस्टर सिटीच्या रोद्रीचा गुडघा गेला आणि तिथे बचावफळीपुढे कोवाचिचच उभा राहिला, फुलहॅमविरुद्ध दोन गोलही मारले. मॉड्रिच २०२५ मध्ये मिलानला गेला आणि चाळिशीत अलेग्रीच्या संघात खोलवरून खेळ चालवतोय. नेमकी ब्रोझोविचची जागा, नेमकं ब्रोझोविचचं शहर. माझ्या सुरुवातीच्या मुद्द्याला याहून ठळक उदाहरण नाही.

हिशेबनीस:
मॉड्रिच हे उदाहरण नव्हे, अपवाद. त्याच्यावरून कुणाचं मोजमाप करायचं म्हटलं तर सगळेच नापास.

ऑफसाइडराव:
ब्रोझोविच ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त. किती सामने? ९९. एक मैत्रीपूर्ण सामना खेळून शंभर केले असते तर बिघडत होतं का? पण हाच तो माणूस. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्वतःच्या मैदानावर बदली होताना प्रेक्षकांनी हुर्यो केली तर त्यांच्याकडे बघून उपरोधाने टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात इंटरचा तेव्हाचा प्रशिक्षक स्पालेत्तीने त्यालाच बचावफळीपुढे आणलं आणि तीच माणसं नाव घेऊन ओरडायला लागली.

तिरकापास:
हे मात्र महत्त्वाचं सांगितलंत. त्याआधीची तीन वर्षं तो कधी दहा नंबरच्या जागी (आघाडीच्या लगेच मागे), कधी बाजूला. पाठ गोलकडे करून चेंडू घ्यावा लागे आणि तिथे त्याला वळायला जागाच नसे, म्हणून चुका दिसायच्या. जानेवारी २०१८ मध्ये सेव्हियाला जायच्या बेतात होता. म्हणजे शिखरावरचा ब्रोझोविच जेमतेम सव्वापाच वर्षांचा, मार्च २०१८ ते जून २०२३. तेवढ्यासाठी मला तो चाल्हानोग्लूच्या वर वाटतो.

सोळाकिमी:
आता इंटरने दिनामोकडूनच पेतार सुचिच घेतलाय. तोच पुढचा ब्रोझोविच?

तिरकापास:
नाही. प्रशिक्षक किवू त्याला मुख्यतः बाजूच्या जागेवर खेळवतो, तो बरेलाच्या जातीचा, चेंडू घेऊन निघणारा. त्याला मागे बसवलं तर सासुओलोवाली चूक पुन्हा होईल. आणि नाव नीट लिहा, स्पेनच्या रेआल सोसिएदादचा लुका सुचिच वेगळा. युरोत इटलीविरुद्ध खेळला तो लुका.