शब्दचर्चा: ‘नेस्तेइया’ म्हणजे उपवास की लंघन?

प्रश्न: आद्य ख्रिस्ती ग्रंथांबद्दल मराठीत लिहिताना ग्रीक ‘नेस्तेइया’ला सरसकट ‘उपवास’ म्हणतात. पण उपवास म्हटला की आपल्याला साबुदाण्याची खिचडी आणि देवाचा वार आठवतो. तिकडे नेमकं काय करत? ‘लंघन’ चालेल का?

– लंघन नको, ते वैद्याने सांगितलेलं. नेस्तेइयाची फोड अगदी रोखठोक आहे: ‘न खाणे’. ‘उपवास’ शब्दातलं ‘जवळ राहणे’ वगैरे त्यात काही नाही. मार्काच्या शुभवर्तमानात (८:३) तीन दिवस येशूपाशी थांबलेल्या लोकांना ‘उपाशी’ म्हटलंय, तो याच कुळातला शब्द. त्या बापड्यांनी काही व्रत धरलं नव्हतं. प्रेषित पौल आपले हाल सांगताना (२ करिंथ ११:२७) तहान-भुकेच्या जोडीला ‘नेस्तेइया’ही मोजतो. तिथे उपास केले की घडले, यावर वाद घालता येतो. मी ‘घडले’च्या बाजूचा. ‘उपास’ शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून मी तोच वापरेन.

– वारांचं म्हणाल तर तेही होतेच की! ‘दिदाखे’ हे पहिल्या शतकाच्या अखेरचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं छोटं पुस्तक. त्यात बजावलंय की ढोंगी लोक सोमवारी-गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. म्हणजे आधी शेजारच्या ज्यूंपासून वेगळं दिसण्याची सोय. बुधवारी येशूला धरून देण्याचा कट शिजला आणि शुक्रवारी त्याला क्रुसावर दिलं, ही संगती दिदाखेत नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर ती देतो.

– लॅटिनमधला ‘स्तातिओ’ विसरू नका. मूळ अर्थ पहारा, चौकी. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन हा शब्द सैन्यातून आलाय असंच सांगतो. बुधवार-शुक्रवारचा हा उपास नवव्या तासापर्यंत, म्हणजे दुपारी साधारण तीनपर्यंत, मग जेवण. त्याला तो ‘अर्धा उपास’ म्हणतो. आपल्याकडच्या शब्दांत नक्त (फक्त रात्री जेवणं) नव्हे, एकभुक्ताच्या (दिवसा एकदाच जेवण्याच्या) जवळचं. याशिवाय ‘झेरोफागिया’, म्हणजे कोरडं खाणं: मांस नाही, रसाळ फळं नाहीत, वाइन नाही. इथे मात्र फराळाची आठवण काढू नये. आपल्या फराळात तूप असतं, शेंगदाण्याचं कूट असतं आणि वर दह्याची वाटीही.

रोममधल्या ‘हेर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथातला प्रसंग मला फार आवडतो. हेर्मास डोंगरावर बसलाय. मेंढपाळ विचारतो, इतक्या सकाळी इथे कसा? हेर्मास म्हणतो, स्तातिओ पाळतोय. मेंढपाळ सांगतो, हा खरा उपास नव्हे; आधी वाईट वागणं सोड. मग त्या दिवशी फक्त भाकरी-पाणी घे, एरवीच्या जेवणाला किती खर्च आला असता त्याचा हिशोब कर आणि तेवढे पैसे विधवेला, पोरक्याला, गरजूला दे. पुण्य बाजूला, आधी हिशोब!

– आणि ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस?

– ते सुरुवातीपासून नव्हते. ईस्टरच्या आधी कोणी एक दिवस, कोणी दोन, कोणी चाळीस तास उपास करतं, असं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनेयस लिहितो. ‘चाळिशी’चा उल्लेख निकेयाच्या बिशप-परिषदेच्या (३२५) पाचव्या नियमात येतो. लॅटिन ‘क्वाद्रागेसिमा’, त्यावरून पोर्तुगीज ‘क्वारेस्मा’ आणि त्यातून गोव्यातला कोंकणी ‘करेज्म’.

– भर घालतो. आयरिश भाषेत बुधवारचं नावच ‘पहिला उपास’, शुक्रवार ‘उपास’ आणि गुरुवार ‘दोन उपासांमधला दिवस’.