मुलाखतीची मेल आली का?

बी-४०२ काकू: सोसायटीचा विषय नाही, तरी विचारते. आमच्या चिरंजीवांनी अमेरिकेत ९ कॉलेजांना अर्ज केलेत. मित्राला मुलाखतीची मेल आली, याला नाही. वेळ कुणाकडे मागायची असते? कौन्सेलर म्हणतात, मॉक इंटरव्ह्यूची ३ सेशन्स घ्या, १८ हजार.

ए-१०१ काका: १८ हजारांत आमचं अख्खं इंजिनिअरिंग झालं 😄

सी-७०३ ताई: काकू, थांबा, पैसे भरू नका. मी माझ्या अमेरिकेतल्या कॉलेजची माजी विद्यार्थिनी म्हणून ६ वर्षं या मुलाखती घेतेय. फुकट, शनिवारी. आम्हाला तिकडून मुलाचं नाव, शाळा, मेल, फोन एवढंच येतं. मार्क, एसएटी (तिकडची प्रवेश परीक्षा), निबंध काही दिसत नाही. मुलाखत मागायची नसते, बहुतेक ठिकाणी कॉलेजच ठरवतं. त्या शहरात माजी विद्यार्थी किती रिकामे आहेत त्यावर बरंचसं. पुण्यात आम्ही मोजके आणि अर्ज ढीगभर. नाही मिळाली म्हणून कुणी वजा धरत नाही. एमआयटी, येल दोघंही तसं स्पष्ट सांगतात.

आणि यादी बघा आधी. कोलंबियानं २०२३ साली या मुलाखती बंद केल्या. बर्कली, यूसीएलए तर पदवीच्या प्रवेशाला घेतच नाहीत.

बी-४०२ काकू: अगं बाई! ९ मधली ३ हीच 🙈

ए-१०१ काका: मग बाकीचे घेतात तरी कशाला?

सी-७०३ ताई: खरं सांगू? निम्मं कारण आम्ही. जुन्या विद्यार्थ्यांना काहीतरी काम दिलं की कॉलेजशी नातं टिकतं, मग देणग्याही येतात. माझा अहवाल म्हणजे दोन परिच्छेद. काठावरच्या मुलाला थोडा टेकू, बस. प्रवेशात आशियाई वंशाच्या मुलांशी भेदभाव केल्याचा हार्वर्डवरचा तो खटला आठवतोय ना, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला तो? त्यात आकडे बाहेर आले. समोर बसून बोललेल्या माजी विद्यार्थ्यांनी आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण गोऱ्या मुलांच्या जवळपास दिले होते. प्रवेश ऑफिसातल्या लोकांनी, ज्यांनी बहुतेकांना पाहिलंही नव्हतं, कमी दिले. हार्वर्डचं म्हणणं, आम्ही भेदभाव केला नाही. पण कुणाचा शब्द चालतो ते यावरून समजा.

डी-२०५ वहिनी: इंग्लंडचं मात्र उलटं हं. भाचीनं ऑक्सफर्डला गणितासाठी अर्ज केला होता. १५ ऑक्टोबरची मुदत, मुलाखत डिसेंबरात, ऑनलाइन. छंद-बिंद कुणी विचारले नाहीत. शिकवणारे प्राध्यापकच समोर, स्क्रीनवर गणित टाकलं आणि म्हणाले, मोठ्यानं विचार कर. अडली की जरा पुढं ढकलायचे. तिथं मुलाखतीला खरंच वजन आहे.

सी-७०३ ताई: अगदी. तिथं शिकवणारेच निवडतात, म्हणून.

वॉचमन केबिन: टँकर आलाय. कोणाची पांढरी स्विफ्ट आहे, काढा लवकर.

ए-१०१ काका: माझीच. आलो. विषय संपवू नका.

बी-४०२ काकू: पण आलीच मुलाखत तर तयारी काय करायची?

सी-७०३ ताई: रट्टा नको. मागच्या वर्षी एका मुलाला विचारलं, रिकाम्या वेळात काय करतोस? तर थेट 'लीडरशिप' सुरू. वडील शेजारच्या टेबलावर कॉफी घेऊन बसलेले आणि मधूनच "नॅशनल लेव्हलचं सांग!" 🤦‍♀️ त्याच आठवड्यात एक मुलगी आली. आजीची घरघंटी बंद पडली तेव्हा पट्टा कुठला बसेल म्हणून तिनं अर्धी बोहरी आळी पालथी घातली होती. बोलताना हातानंच पुलीचा आकार दाखवत होती. तिच्याबद्दल लिहायला मला दोन परिच्छेद पुरले नाहीत.

बी-४०२ काकू: मग याची तुम्हीच घ्या की! ९ मध्ये एखादं तुमचं असेलच.

सी-७०३ ताई: ओळखीच्या मुलाची नाही घेता येत काकू. नाव आलं तर मलाच परत पाठवावं लागतं. गणपतीत यानं आमच्या मजल्यावर मोदक वाटलेत!

चेअरमन: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता ठेवावा. (माझ्या पुतणीचं पण आहे, ताई, वेगळा मेसेज करतो.)

बी-४०२ काकू: मी मुलगा बोलतोय, आईच्या फोनवरून. मेल आली आहे, मी उत्तरही दिलंय. शनिवारी ११ वाजता, कर्वे रोडला. सांगितलं नव्हतं कारण आई शेजारच्या टेबलावर येऊन बसली असती.