मदत हवी आहे: १० गिगचं (गिगाबिट प्रति सेकंद) नेटवर्क कार्ड रात्री साडेतीन गिगलाच अडतंय (लिनक्स, एचटीबी शेपिंग म्हणजे ग्राहकवार वेगमर्यादा लावणं)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं छोटं केबल-इंटरनेटचं काम आहे, साधारण सोळाशे कनेक्शनं. गेले तीन आठवडे रात्री आठ वाजले की नेट रेंगाळतं ते साडेअकरापर्यंत. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोठा सामना असला आणि लोक तो मोबाईलवर लाईव्ह बघत असले की भर दुपारीही तेच होतं. म्हणजे गर्दी वाढली की अडतंय, एवढं नक्की. अपलिंक (आम्हाला इंटरनेट देणारी वरची लाईन) भरलेली नाही, तिथं अजून निम्मी जागा मोकळी आहे.

शेपिंगचा सर्व्हर ओएलटी (ग्राहकांच्या फायबर जिथं येऊन मिळतात ते यंत्र) आणि बीएनजी (ग्राहकांचं लॉगिन करून त्यांना इंटरनेटशी जोडणारं यंत्र) यांच्या मधे ब्रिज करून, म्हणजे पॅकेटं तशीच आरपार जातील असा, बसवलाय. १६ कोअरचा एकच प्रोसेसर, कार्ड इंटेल एक्स५२०, दोन पोर्टचं. दोन्ही पोर्टांवर पॅकेट बाहेर पडताना एचटीबी लागतं. प्रत्येक ग्राहकाला वेगळा क्लास (वेगमर्यादेचा कप्पा) आणि त्याखाली एफक्यू-कोडेल (पॅकेटं फार वेळ तुंबू न देणारी रांगेची पद्धत). ग्राहक ओळखतो तो त्याच्या राऊटरच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाचा हार्डवेअर क्रमांक). फिल्टर हॅश टेबलात आहेत, एकाखाली एक लांबलचक यादी नाही.

डाउनलोड साडेतीन गिगच्या आसपास आलं की पिंग ४ मिलिसेकंदांवरून ९० वर जातं आणि ईथटूलमध्ये (कार्डाचे आकडे दाखवणारी आज्ञा) आरएक्स मिस्ड एरर्स, म्हणजे आलेली पण घेता न आलेली पॅकेटं, धडाधड वाढायला लागतात. टॉपमध्ये (कोअरवरचा भार दाखवणारी आज्ञा) एकच कोअर सॉफ्टआयआरक्यूनं (आलेली पॅकेटं हाताळायच्या कामानं) १०० टक्के भरलेला, बाकीचे पंधरा जवळजवळ रिकामे.

मला आधी कार्ड बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटचा संशय आला. २०१९ च्या महापुरात गल्लीत पाणी चढलं होतं, तेव्हापासून आम्ही तळमजल्यावर काहीच ठेवत नाही. या मे महिन्यात सर्व्हर वरच्याच मजल्यावर नव्या कॅबिनेटमध्ये हलवला, त्या वेळी कार्ड दुसऱ्या स्लॉटात गेलं. एलएसपीसीआय ही आज्ञा सांगते की कार्ड आठ लेनचं (लेन म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधली डेटाची वाट) आहे, पण लिंक चारच लेनवर जुळलीय.

आतापर्यंत केलेलं: डॅक केबल (कार्डाची तांब्याची जोडकेबल) बदलली. रिंग बफर (आलेली पॅकेटं थांबायची जागा) ५१२ वरून ४०९६ केला, त्यानं ड्रॉप थोडे कमी झाले पण पिंग आणखी बिघडलं. एलआरओ (आलेली पॅकेटं कार्डानंच जोडून मोठी करणं) आधीपासूनच बंद आहे. आयआरक्यू-बॅलन्स (कार्डाचं काम कोअरमध्ये आपोआप वाटणारी सेवा) थांबवून कार्डाच्या सोळा रांगा सोळा कोअरना हातानं बांधल्या. यात एक गोष्ट विचित्र दिसली. शून्य नंबरची रांग चौथ्या कोअरला बांधली तर चौथा भरतो, नवव्याला बांधली तर नववा. एका रात्री दहा मिनिटं एचटीबी पूर्ण काढून पाहिलं. साडेचार गिगपर्यंत गेलं आणि पुन्हा अडलं.

आणि याच कार्डावर आयपर्फ (वेग मोजायची चाचणी) लावला तर ९.४ गिग मिळतात! मग कार्ड खराब कसं म्हणायचं? रात्रपाळीत घरून काम करणारे ग्राहक आहेत, परीक्षा देणारी मुलं आहेत. त्यांना रोज ‘बघतोय’ एवढंच सांगताना फार वाईट वाटतं. कुणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (इचलकरंजीहून):

भावा, स्लॉटचा विषय तूर्त बाजूला ठेव. दुसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसवर एका लेनचे ४ गिग धर, चार लेनचे १६ झाले. दोन्ही पोर्ट एकाच वेळी पूर्ण भरले तर ते कमी पडतील, साडेतीनला नाही. सवडीनं आठ लेनच्या स्लॉटात घाल.

तुझा सर्व्हर ओएलटी आणि बीएनजीच्या मधे आहे म्हणतोस, म्हणजे त्यातून जाणारं सगळं पीपीपीओई (ग्राहकाच्या लॉगिनच्या जोडणीसाठी पॅकेटभोवती घातलेलं वेष्टन) आहे ना? तिथंच गोम आहे. हे कार्ड पॅकेटातले आयपी पत्ते आणि पोर्ट नंबर बघून पॅकेटं रांगांत वाटतं. पीपीपीओईच्या वेष्टनाच्या आतला आयपी त्याला दिसत नाही, म्हणून ते सगळं शून्य नंबरच्या रांगेत टाकतं. आयपर्फची पॅकेटं साधी आयपी, शिवाय एकत्र करून मोठाल्या तुकड्यांत जाणारी, त्यामुळं तिथं कार्ड पळतं. रात्री आठनंतर ईथटूलचा रांगवार हिशोब काढ.

तात्पुरता उपाय आरपीएस, म्हणजे पॅकेटांची कोअरमध्ये वाटणी कार्डाऐवजी कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) करणं. शून्य रांगेच्या आरपीएस-सीपीयूज फाईलमध्ये सगळ्या कोअरचा मास्क (कोणते कोअर वापरायचे ते सांगणारा आकडा) लिही, दोन्ही पोर्टांवर. कर्नलला पीपीपीओईच्या आतलं वाचता येतं, वाटणी तोच करेल. पण त्यानंतर एचटीबीचं कुलूप (एका वेळी एकाच कोअरला आत सोडणारं) आडवं येईल. कोअर कितीही असले तरी एका एचटीबी झाडाला (सगळ्या क्लासच्या एकत्र मांडणीला) कुलूप एकच असतं, ते तयारीत ठेव.

मूळ धागाकर्ता:

दादा, मनापासून आभार. काल रात्री बघितलं, तुम्ही म्हणालात तेच निघालं. शून्य रांगेचा आकडा अब्जांत, बाकी पंधरा रांगांत जेमतेम काही हजार. आरपीएस चालू केल्यावर ५.१ गिगपर्यंत गेलं, पिंग १५ च्या आत राहिलं आणि रात्री एकही तक्रारीचा फोन आला नाही.

पण कुलपाचंही खरं ठरलं. पर्फ टॉपमध्ये (कर्नलचा वेळ कुठं जातो ते दाखवणारी आज्ञा) आता सगळ्यात वर स्पिनलॉकची, म्हणजे त्या कुलपासाठी थांबण्याची, ओळ आहे. म्हणून सर्व्हर बीएनजीच्या पलीकडं, पण नॅटच्या (अनेक ग्राहकांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या टप्प्याच्या) अलीकडं न्यायचं ठरवतोय. तिथं पॅकेटं साधी आयपी असतील आणि प्रत्येक ग्राहकाचा पत्ताही वेगळा राहील. मग एमक्यूखाली (कार्डाच्या प्रत्येक रांगेला वेगळं शेपिंग लावू देणारी लिनक्सची सोय) प्रत्येक रांगेला स्वतंत्र एचटीबी झाड, आणि एक्सडीपीच्या (पॅकेट आल्याआल्याच हाताळायची लिनक्सची सोय) सीपीयू-मॅपनं ग्राहकाला ठरावीक कोअरवर पाठवायचं.

एकच अडचण उरते. एका इमारतीला मिळून एक सामायिक मर्यादा दिलीय, तिचे ग्राहक वेगवेगळ्या झाडांत गेले तर ती मर्यादा कशी पाळायची? इमारतीचे सगळे ग्राहक एकाच कोअरला बांधणं हा एवढाच मार्ग मला दिसतोय. कुणी असं केलं असेल तर कोअरवरचा भार कसा समतोल ठेवलात ते सांगा. रविवारी पहाटे तीनला हलवाहलव करणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.