नेपाळला लाइफ स्किल्स शिकवायला जायचंय, जावं का आणि तयारी काय करावी?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, मी मूळचा खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात रूम घेऊन बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) करायलोय. कॉलेजातल्या सीनियरकडून एका विद्यार्थी संस्थेचा प्रोग्रॅम कळला, सहा आठवडे नेपाळच्या तराई भागात, म्हंजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात राहायचं आणि शाळा सुटलेल्या १५ ते १९ वयाच्या पोरांना लाइफ स्किल्स शिकवायचे. मला मनापासून जायचंय. पण त्यांनी जो पीपीटी पाठवलाय त्यात कॉन्फिडन्स, गोल सेटिंग, टाइम मॅनेजमेंट एवढंच हाय, आणि मला सारखं वाटायलंय की मी विशीतला पोरगा तिथं जाऊन कुणाला काय जगायला शिकवणार. त्यात आजोबा म्हणतात, आपल्या गावातली पोरं दहावी नापास होऊन गोव्याला हॉटेलात राबायला जातात, त्यांना आधी शिकीव की. त्यांचं म्हणणं पटतं पण जायचं पण हाय. कोण जाऊन आलंय का? कागदपत्रं काय लागतात तेही सांगा.

शहापूर_गल्ली
भावा, मी तराईतल्याच रूपनदेही जिल्ह्यात राहून आलोय, भैरहवा शहरापासून आत. तुझा पीपीटी बाजूला ठेव. तिथल्या पोरांपुढं खरा प्रश्न काय असतो सांगतो. अठरा पूर्ण झाले की कतार, सौदी, दुबई नाहीतर मलेशिया. गावोगावी मॅनपावरचे, म्हणजे परदेशात कामाला माणसं पाठवणारे एजंट फिरतात, घरात कर्ज काढून पैसे भरलेले असतात आणि कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नसतं. म्हणून आमचं सगळ्यात चांगलं सेशन झालं ते एजंटचं नाटक. एक पोरगा एजंट, एक जाणारा, एक त्याची आई. पगार किती, ओव्हरटाइम वेगळा का, पासपोर्ट कुणाजवळ राहणार, कराराची कॉपी मला मिळणार का, हे प्रश्न तोंडातून निघायला पाहिजेत. पहिल्यांदा जाणारा पोरगा सगळ्याला हो हो करत सुटतो, मग बाकीची पोरं मध्येच उठून त्याला थांबवतात, आरे विचार की त्याला, आणि तिथून जे शिकणं सुरू होतं ते आपण फळ्यावर लिहून देऊ शकत नाही.

आणि हे सेशन मी घेतलं नाही, तिथल्या गावातल्या एका दीदीनं घेतलं, मी तिच्या हाताखाली होतो. तू गेल्यावर कोण राहणार? ती. त्यामुळं संस्थेला पहिला प्रश्न हाच विचार, की माझ्याबरोबर तिथला माणूस कोण आणि मी परत आल्यावर तो हे चालू ठेवणार का. नीट उत्तर आलं नाही तर जाऊ नकोस, एवढं स्पष्ट सांगतो.

भाषेची काळजी नको, तराईत भोजपुरी, अवधी, मैथिली, थारू असं सगळं बोलतात आणि हिंदी समजते. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, कॉलेजात इंग्लिश अशी आपल्याला सवय असतेच, त्याचा तिथं लई उपयोग होतो, कारण समोरच्याला आपली भाषा येत नाही म्हणून आपण त्याला कमी समजत नाही.

निपाणीचे_मास्तर
वरच्याचं अगदी बरोबर. थोडी भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात शाळांसाठी जी लाइफ स्किल्स सांगितली ती दहा आहेत, निर्णय घेणं, अडचण सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, नाती सांभाळणं, स्वतःची ओळख, सहानुभूती, भावना आणि ताण हाताळणं. टाइम मॅनेजमेंट त्या यादीत नाही बघ. आणि ही भाषण देऊन येत नाहीत, पोहणं जसं पाण्यात उतरूनच येतं तसं करूनच येतात.

जाण्याआधी तिथलं कायदेकानून वाचून जा. उदाहरण देतो. आपल्याकडं लग्नाचं वय मुलीला १८, मुलाला २१. नेपाळच्या २०१७ च्या मुलुकी अपराध संहितेत, म्हणजे तिथल्या फौजदारी कायद्यात, दोघांनाही २०. तू तिथं १८ सांगून आलास तर एखाद्या पोरीचं नुकसान करून येशील. पाळीच्या दिवसांत मुलीला घराबाहेर ठेवायची छाउपडी प्रथा पश्चिम नेपाळात आहे, ती त्याच कायद्यानं गुन्हा ठरवलीय, तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण असला विषय बाहेरून आलेल्या पोरानं काढायचा नसतो, तो तिथल्या बाईमाणसालाच काढू दे.

आजोबांचं पण ऐक. इथं आमच्याकडं विडी वळणाऱ्या बायकांची पोरं आहेत, उसाच्या हंगामात तोडीला येणाऱ्यांची पोरं आहेत. आधी त्यांच्याबरोबर दोन-तीन महिने बस, मग नेपाळला जा.

कित्तूर_एक्सप्रेस
कागदपत्रांचं: नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं व्होटर कार्ड चालतं, आधार चालत नाही, आधार घेऊन गेलास तर अडकशील. बेळगावातनं गोवा एक्सप्रेसनं झाशी, तिथनं गोरखपूर, मग बसनं सोनौली, तिथं नेपाळची सीमा.

अक्का_चिकोडी
एक कळकळीनं सांगते बाळा. संस्था तुला अनाथाश्रमात ठेवणार असेल तर नाही म्हण. नेपाळ आणि कंबोडिया दोन्हीकडं अशा आश्रमांतल्या बहुतेक पोरांचे आई किंवा वडील हयात असतात असं युनिसेफ कित्येक वर्षं सांगतंय. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून गरीब घरातनं पोरं आणून ठेवली जातात. दर महिन्याला नवा दादा, नवी ताई येणार, जीव लावणार आणि निघून जाणार, त्या लेकरांनी किती वेळा रडायचं? ऑस्ट्रेलियात तर २०१८ मध्ये मॉडर्न स्लेव्हरीचा, म्हणजे आजच्या काळातल्या गुलामगिरीविरुद्धचा कायदा झाला तेव्हा ह्या आश्रमांच्या धंद्याची संसदेत चर्चा झाली.

पोरांचे फोटो इन्स्टाला टाकायचे नाहीत. आणि चांगली संस्था तुझ्याकडं पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुझ्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला मागते, मागितलं नाही तर उलट तूच विचार का नाही मागितलं. फी घेतात तर त्यातले तिथल्या गावात किती जातात तेही लेखी माग.

खानापूरचा_पोरगा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. संस्थेला मेल टाकलाय, तिथला माणूस कोण, फीचा हिशोब काय आणि राहायची जागा कुठली, तीन्ही विचारलंय. उत्तर येईपर्यंत थांबतो. मास्तर, तोपर्यंत निपाणीला तुमच्याकडं आलो तर चालेल का? ते एजंटचं नाटक आमच्या गोव्याला जाणाऱ्या पोरांसाठी पण बसवावं म्हणतोय, हॉटेलवाल्याला काय काय विचारायचं असं.

निपाणीचे_मास्तर
ये की. रविवारी दहानंतर ये, त्याआधी पोरं क्रिकेट सोडून येत नाहीत. पहिल्या दिवशी काही शिकवू नकोस, नुसतं त्यांचं ऐक. आणि तुझ्या गावातला गोव्याला जाऊन आलेला एखादा पोरगा संगट आण, हॉटेलवाल्याचा रोल तोच चांगला करेल.