डॉल्फिनच्या ‘सिग्नेचर व्हिसल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (शिक्षिका, चिमूर तालुका): सातवीच्या पोरांसाठी डॉल्फिनवर पाठ लिहितेय. बॉटलनोज डॉल्फिनच्या पिल्लाची बहुधा पहिल्याच वर्षात स्वतःची एक वेगळी शिट्टी ठरते. प्रत्येक डॉल्फिनची शिट्टी वेगळी असते, हे कॉल्डवेल या संशोधक पती-पत्नींनी १९६५ साली मांडलं. ‘स्वाक्षरी शिट्टी’ मला पटत नाही, सही म्हटली की पोरं कागदावरच अडतील. सरळ ‘नाव’ म्हणू का?

नागभीडहून: ‘नाव’ नका म्हणू मॅडम. नाव दुसरे ठेवतात. डॉल्फिन आपली शिट्टी स्वतः घडवतो, अन् कळपातून लांब पडला की तीच पुन्हा पुन्हा काढतो. आमच्या इकडं बाया मोहफुलं वेचायला जंगलात जातात तवा झाडाझाडाखाली पांगतात. वाघाचं भेव रायते, म्हणून मधून मधून ‘कूऽऽ’ करतात. शब्द काईच नाही, पण कोण हाय ते समजते. पलीकडून ‘कूऽऽ’ आली की हात पुन्हा टोपलीकडं. त्याले आमी हाकच म्हणतो. ‘ओळखहाक’ लिहा.

पवनीहून: भाऊ, उदाहरण नेमकं आहे, पण एक फरक सोडून चालणार नाही. बाईची ‘कूऽऽ’ ओळखू येते ती तिच्या गळ्यावरून. डॉल्फिनचं तसं नाही. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. शिट्ट्या संगणकावर अशा बनवल्या की आवाजाची खूण पुसली गेली, फक्त चढउतार राहिला. तरी डॉल्फिननी आपले नातलग डॉल्फिन ओळखले. म्हणजे ओळख शिट्टीच्या चालीत आहे, गळ्यात नाही. म्हणून मी ‘ओळखशीळ’ म्हणेन. ‘शीळ’ म्हटलं की चाल आपोआप आली.

आणि ‘नाव’ पूर्ण फेकून देऊ नये. २०१३ मध्ये किंग आणि जॅनिक या संशोधकांनी दाखवलं की स्वतःच्या शिळेची नक्कल ऐकवली तर डॉल्फिन उलट साद देतो. अशी नक्कल करतात ती मुख्यतः जवळची मंडळी: माय-लेकरू, नाहीतर जोडीनं हिंडणारे नर. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये नरांची युती वर्षानुवर्षं टिकते, तरी प्रत्येकाची शीळ वेगळीच राहते. मला हे फार मोलाचं वाटतं. पाठात ते नक्की घ्या.

शिक्षिका: ‘ओळखशीळ’ घेते, दादा. क्रियापद? आमच्याकडं पोरं ‘शिट्टी मारली’ म्हणतात.

पवनीहून: ‘शीळ घालतो’ लिहा. फक्त ओठांचं चित्र काढू नका. तो आवाज डोक्यावरच्या श्वासरंध्राखालच्या नाकपोकळीत निघतो. मासे शोधताना करतात त्या आवाजाला मात्र शीळ म्हणू नका, ती ‘टकटक’. गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सूंस, मुख्यतः ही टकटकच करतो, त्याच्या धड्यात ‘ओळखशीळ’ घालू नका.

नागभीडहून: अन् भांडताना?

पवनीहून: तेव्हा टकटक इतकी दाट होते की ती सलग ‘करकर’ ऐकू येते. तोच शब्द ठेवा.