पेन्सविक येथील पेटीसारखी थडगी

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): मुलीकडे इंग्लंडला गेलो असता ग्लॉस्टरशायरमधील पेन्सविक गावी, सेंट मेरी चर्चच्या आवारात, छाटून गोलसर केलेल्या यू वृक्षांमध्ये पेटीच्या आकाराची दगडी थडगी पाहिली. मृतदेह त्या पेटीतच असतो का? शिवाय दगडावरचे नारिंगी डाग कोणी काढत का नाही?

उत्तर (पंचवटी): नाही, पेटी पोकळ असते, दफन तिच्याखाली जमिनीत केलेले असते. सतराव्या-अठराव्या शतकांत लोकरी कापडाच्या व्यापारातून सधन झालेल्या घराण्यांनी ती स्थानिक चुनखडकात घडवून घेतली. ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्डला तर काही थडग्यांचा माथा अर्धगोल आणि खाचांचा असून तो लोकरीचा गठ्ठा मानला जातो. अवश्य पाहा.

उत्तर (कॉलेज रोड): ते डाग, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या भाऊबंदांचे आहेत. ते फार सावकाश वाढते. तारेच्या ब्रशने खरवडल्यास त्याबरोबर अक्षरेही जातात. आम्ल तर मुळीच नको, कारण काळारामाच्या मंदिराचा काळा पाषाण वेगळा आणि आम्लात विरघळणारा हा चुनखडक वेगळा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. एका देवदूताचे नाक झिजले होते, पंखांची पिसे मात्र मोजता येत होती. लेख तेवढा वाचता आला नाही, याची रुखरुख आहे.

उत्तर (पंचवटी): पुढच्या खेपेस विजेरी दगडालगत आडवी धरा, तिरप्या उजेडात पुसट अक्षरेही उठून दिसतात.